थापावी, भाजावी, वाढावी

आमच्या घरात भाकरी हिनं करायची आणि भाकरीची समीक्षा मी करायची, अशी कामाची वाटणी १९८३ सालापासून, म्हणजे लग्न झाल्यापासून चालत आली होती. लेखी करार कुठेच नव्हता. पण मोठमोठ्या संस्था ज्या अलिखित नियमांवर चालतात तसाच हाही एक नियम होता, आणि तो मोडावा असं निदान मला तरी कधी वाटलं नाही.

समीक्षेचा मला सरावही होता. नोकरी सांभाळून मी एका साप्ताहिकात वीस-बावीस वर्षं पुस्तकांची परीक्षणं लिहीत असे. साप्ताहिक पुढे बंद पडलं. ते माझ्यामुळे नव्हे, असं संपादकांनी निरोपाचा चहा पिताना मला न विचारता सांगितलं. लिहिणं थांबलं तरी जिभेची सवय जात नाही. ताटात भाकरी पडली की मी तिचा एक तुकडा मोडायचा, उजेडात धरायचा, पापुद्रा सुटलाय का ते पाहायचं आणि अभिप्राय द्यायचा. "आज कड किंचित जाड राहिलीय." "मधे जरा चिवट वाटते, नाही?" आणि सगळ्यांत घातक अभिप्राय म्हणजे, "कालची काय सुरेख झाली होती!" हे वाक्य दिसायला स्तुतीचं आहे. लेखकाच्या दुसऱ्या कादंबरीवर लिहिताना आम्ही त्याच्या पहिल्या कादंबरीची जी तोंडभर स्तुती करतो, त्याच जातीचं.

ही त्यावर काही बोलत नसे. फक्त पुढची भाकरी ताटात पडताना जरा मोठा आवाज होत असे.

गेल्या श्रावणात न्हाणीघरात हिचा पाय घसरला आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, आणि ते निघाल्यावरही दोन-तीन महिने त्या हातावर जोर द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी येताना रिक्षात ही पहिलं वाक्य बोलली ते असं, "आता तुमच्या भाकरीचं कसं व्हायचं?" मी उदारपणे म्हणालो, "त्यात काय, आणू की विकत." तिनं 'तुमच्या' म्हटलं आणि मी ते तसंच घेतलं, हे माझ्या लक्षात यायला पुढे बरेच दिवस जावे लागले.

कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून भाकऱ्या आणल्या. आकारानं निर्दोष. कंपासपेटी घेऊन बसलं तरी त्याहून चांगलं वर्तुळ निघणार नाही. पण दुपारी कधीतरी भाजून एकीवर एक रचलेल्या त्या भाकऱ्या रात्री आठला पुठ्ठ्याच्या झालेल्या असत. ही तक्रार करीत नसे. डाव्या हातानं एक तुकडा मोडायची, आमटीत बुडवायची, आणि बाकीची भाकरी ताटाच्या कडेला तशीच राहायची. चौथ्या दिवशी ताट उचलताना मी ती उरलेली भाकरी पाहिली. हिचं माहेर मंगळवेढ्याकडचं. तिथल्या ज्वारीला सरकारदरबारी भौगोलिक मानांकन २०१६ साली मिळालं. आमच्या घरात ते १९८३ सालीच मिळालेलं होतं. ज्या बाईला मालदांडीच्या पिठाचा वास दारातून ओळखता येतो, तिला आपण पुठ्ठा वाढतोय, याची मला त्या रात्री लाज वाटली. मी ठरवलं, की उद्यापासून भाकरी आपण करायची.

वाचणारा माणूस पोहायला शिकायचं म्हटलं तरी आधी ग्रंथालयात जातो. स्वयंपाकघरातल्या फळीवर पाककृतींची चार पुस्तकं होती. एक लग्नात आहेर म्हणून आलेलं, दोन कधीतरी प्रदर्शनात घेतलेली, एक कुणाचंतरी परत न केलेलं. चारही घेऊन मी जेवणाच्या टेबलाशी बसलो. चष्मा लावला, पेन्सिल घेतली. कितीतरी वर्षांनी परीक्षणाला पुस्तकं आली होती.

एका पुस्तकात भाकरी नव्हतीच. उरलेल्या तिन्हींचा गोषवारा सांगतो. पीठ घ्यावे. आवश्यकतेनुसार पाणी घालून मळावे. गोल भाकरी थापावी. तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावी. गरमगरम वाढावी. संपलं! याच्या समोरच्या पानावर एका पक्वान्नाचा पाक एकतारी आहे की दोनतारी हे ओळखण्याबद्दल अर्धं पान खर्ची घातलेलं. जे पक्वान्न वर्षातून एकदा होतं त्याला दीड पान, आणि जी भाकरी रोज होते तिला साडेचार ओळी. या हिशेबानं एखाद्या चरित्रकारानं नायकाच्या मुंजीवर दोन प्रकरणं लिहावीत आणि उरलेलं आयुष्य 'नंतर ते जगले' एवढ्यात उरकावं.

पण माझी पेन्सिल थांबली ती दुसऱ्याच जागी. 'थापावी', 'भाजावी', 'वाढावी'. ही विध्यर्थी क्रियापदं मी शाळेत शिकलो होतो. पण ती नीट वाचली नव्हती. भाकरी थापावी. कोणी? वाक्यात कर्ताच नाही. 'रामाने भाकरी थापावी' असं असतं तर राम निदान हजर तरी असता. इथे कुणीच नाही. पीठ आहे, पाणी आहे, तवा आहे, आणि भाकरी आपण होऊन थापली जाते आहे. गंमत पाहा, 'थापावी' हे रूप स्त्रीलिंगी आहे. म्हणजे वाक्यात बाईची खूण आहे की नाही? आहे. पण ती थापणारीची नव्हे, भाकरीची. भाकरी स्त्रीलिंगी म्हणून क्रियापद स्त्रीलिंगी. उद्या तिथे लाडू आला की क्रियापद लगेच पुरुष होतं: लाडू वळावा. वळणारी तीच, पण तिच्यासाठी क्रियापद तसूभर हलत नाही.

आता या लेखिकांवर एकदम तुटून पडणं बरं नव्हे. त्यांची बाजूही मांडली पाहिजे. मराठीत छापील पाकपुस्तकांची परंपरा चांगली दीडशे वर्षांची आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ सालचं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० सालचं, आणि त्यात हजार पाकक्रिया. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि त्यांनी वाटी-चमच्याचं माप देऊन कितीतरी नव्या संसारांची लाज राखली. 'अंदाजाने' या शब्दाला मराठी स्वयंपाकघरात पहिला मोठा धक्का बसला तो त्या पुस्तकानं. अशा पुस्तकांची वाचक बाई भाकरी घरीच, आईच्या शेजारी बसून शिकून आलेली असायची. तिला भाकरी कशी करावी हे सांगणं म्हणजे पोस्टमनला पत्ता कसा वाचावा हे सांगण्यासारखं. साडेचार ओळी हा आळस नव्हता, तो एक प्रकारचा शिष्टाचार होता.

पण पुस्तक तेच राहतं आणि वाचक बदलतो. आज ते पान उघडून बसणारा वाचक म्हणजे माझ्यासारखा, सत्तरीला आलेला आणि तव्याचा कान कुठला हेही न ठाऊक असलेला इसम. नाहीतर परगावी खोली घेऊन राहणारी कुणी पोरं-पोरी, ज्यांच्या शेजारी आई बसलेली नाही. त्यांच्या दृष्टीनं 'आवश्यकतेनुसार पाणी' या दोन शब्दांत सगळी गोम आहे. आवश्यकता कुणाची? पिठाची, की लेखिकेची? 'गोल थापावी' हे तर 'सुंदर कविता लिहावी' असं सांगण्यासारखं झालं. लिहिली असती हो!

एवढं परीक्षण मनातल्या मनात करून मी कामाला लागलो. डब्यातलं पीठ परातीत घेतलं, नळाचं पाणी ओतलं, मळलं. थापायला सुरुवात केली आणि दोन मिनिटांत परातीत महाराष्ट्राचा नकाशा तयार झाला. कोकणपट्टी तुटून वेगळी पडली होती. ती जोडायला गेलो तर विदर्भ सुटला. जे काही हातात आलं ते तव्यावर टाकलं. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं, या जुन्या कोड्याचं उत्तर 'न फिरवल्यामुळे' असं आपण लहानपणी पाठ केलं आहे. राजकारणातली मंडळीही तेवढ्याच भांडवलावर भाकरी फिरवायची भाषा करीत असतात. माझा अनुभव असा, की भाकरी फिरवल्यानंतरही करपते. फक्त ती तेव्हा दोन्ही बाजूंनी करपते.

धुरानं ही आत आली. पट्ट्यात अडकवलेला हात छातीशी धरून, परातीकडे पाहत उभी राहिली. मी अभिप्रायाची वाट पाहू लागलो. मी इतक्या वर्षांत दिलेल्या अभिप्रायांचं चक्रवाढ व्याज आता वसूल होणार, अशी माझी खात्री होती. पण तिनं चिमूटभर पीठ उचललं, बोटांत चोळलं आणि म्हणाली, "याची विरी गेलीय हो. महिन्याचं पीठ आहे हे. तुमचा दोष नाही."

विरी! चार पुस्तकांत हा शब्द एकदाही आला नव्हता. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो, थापायला घेतलं की फाटतं. त्याला म्हणायचं विरी गेली. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं, म्हणून कणीक ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ते नसतं. तिला बांधून ठेवायचं तर पीठ ताजं हवं आणि पाणी कडकडीत हवं. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि तोच पिठाला धरून ठेवतो. हे शास्त्र मी नंतर मुलीकडून समजून घेतलं. हिनं ते मला एका शब्दात सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी गिरणीतून ताजं दळण आणलं. संध्याकाळी ही ओट्याजवळ खुर्ची टाकून बसली आणि मी परातीसमोर उभा राहिलो. तिचं सांगणं मी शक्य तितकं जसंच्या तसं देतो, कारण मला ते चारही पुस्तकांहून श्रेष्ठ वाटतं.

"एका भाकरीपुरतंच घ्या. वाटीभर. सगळं एकदम मळून ठेवू नका. मधे आळं करा. आता उकळतं पाणी घाला त्यात. हं, बास. उलथन्याच्या दांड्यानं कालवा आधी, हात घालू नका, भाजाल. जरा निवू द्या. आता मळा. असं लाडीगोडीनं नाही, तळहाताच्या टाचेनं रगडा. अजून. पीठ पाणी मागतंय, द्या की त्याला! किती म्हणजे? मागेल तेवढं. कोरडं पडलं की कडेला चिरा पडतात, तेच त्याचं मागणं. आता बघा, कानाच्या पाळीसारखं लागतंय? झालं. उंडा करा. परातीत खाली कोरडं पीठ भुरभुरवा. थापा."

मी थापू लागलो.

"हात नका फिरवू. भाकरी फिरली पाहिजे. हात आहे तिथंच राहतो."

हे वाक्य मी तीनदा ऐकलं आणि तीनदा कळलं नाही. मग ती उठली, मागे उभी राहिली आणि आपला डावा हात माझ्या उजव्या हातावर ठेवून तिनं दोन-चार थापा मारल्या. आणि हाताखालची भाकरी खरोखरच हळूहळू फिरू लागली. बोटांचा नेट जरा तिरका पडतो, त्यानं ती आपली आपण सरकते आणि सरकता सरकता गोल होते. तो गोल कुणी आखलेला नसतोच. 'गोल थापावी' असं लिहिणाऱ्यांनी फळ सांगितलं होतं, झाड सांगितलं नव्हतं.

"आता दोन्ही हातांनी उचला. पिठाची बाजू वर येईल अशी टाका तव्यावर. घाबरू नका, ती मोडत नाही. लगेच वरून पाणी फिरवा. सगळीकडं, कडेपर्यंत. आता थांबा. पाणी सुकत आलं, पण सुकलं नाही, अशा वेळी उलटा. सुकू दिलंत तर चिरेल. आता ही बाजू नीट होऊ द्या. झाली? तवा बाजूला करा आणि पहिली बाजू विस्तवावर धरा."

भाकरी विस्तवावर गेली आणि फुगली. वाफेनं वरचा पापुद्रा अलगद सुटून वर आला. मी बेचाळीस वर्षं जो पापुद्रा उजेडात धरून तपासत होतो, तो कसा सुटतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

हिच्या या सांगण्यात भाषेच्या दृष्टीनं काय आहे? एकही 'थापावी' नाही. घाला, मळा, थापा, उचला, थांबा. प्रत्येक क्रियापदासमोर एक माणूस उभा आहे. ज्याच्याशी बोलायचं तो समोर आहे, त्याचे हात दिसताहेत, तो भाजणार आहे हेही ठाऊक आहे. छापखान्याच्या वाटेवर कुठेतरी हा माणूस गळतो आणि 'थापावी' तेवढी उरते.

हल्ली यूट्यूबवर भाकरीच्या चित्रफिती असतात, तिथे तरी भरपाई होईल म्हणून त्याही पाहिल्या. मी पाहिलेल्यांपैकी बऱ्याच चित्रफितींत परात दिसते, पीठ दिसतं आणि दोन हात दिसतात. मनगटाच्या वर काही नाही. म्हणजे पुस्तकातला कर्ता इथेही आलाय, पण फक्त मनगटापर्यंत. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. थापण्याच्या आवाजावर संगीत घातलेलं असतं. आता तो आवाज हीच तर माहिती आहे! पीठ नीट मळलं गेलं असेल तर थाप भरीव वाजते, कोरडं असेल तर फटफट करते. ही बाहेरच्या खोलीत बसूनसुद्धा माझ्या थापेवरून सांगते, "पाणी कमी पडलंय." आणि मला आठवलं, की आमच्या घरात संध्याकाळी साडेसातला थापेबरोबर बांगड्यांचाही एक आवाज असायचा. तो बंद झालाय हे मला प्लास्टर चढल्यावर दोन आठवड्यांनी कळलं. इतका बारकाईनं समीक्षा करणारा मी!

इथे साहित्याचा विषय निघणं अपरिहार्य आहे, कारण मराठी साहित्यानं भाकरीवर फार मोठा भार टाकला आहे. नारायण सुर्व्यांनी भाकरीला थेट चंद्राशी नेऊन जोडलं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं आणि ती भाकरी मागून आणावी लागणं म्हणजे काय असतं हे पांढरपेशा वाचकाला पहिल्यांदाच समोरासमोर ऐकावं लागलं. ज्याला भाकरी मिळत नाही त्यानं ती कशी थापतात हे सांगत बसावं, अशी अपेक्षा करणारा माणूस समीक्षक नव्हे, निर्दय म्हणायला हवा. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. ती आमच्याविषयी आहे. मी स्वतः कितीतरी ग्रामीण कथासंग्रहांवर लिहिलं. त्या कथांत दुपारी कारभारीण डोक्यावर पाटी घेऊन बांधावरून यायची, फडकं सोडायची, आत भाकरी असायची. मी लिहायचो, 'भाकरी हे येथे श्रमाचे प्रतीक आहे.' श्रम म्हणजे त्या शेतात औत हाकणाऱ्याचे. ती भाकरी पहाटे पाच वाजता कुणी थापली, चुलीपुढे कुणाचे डोळे चुरचुरले, हा प्रश्न त्या लेखकाला पडला नाही, हे मी दाखवून द्यायला हवं होतं. मलाही तो पडला नव्हता. मला प्रतीक दिसलं आणि भाकरी दिसली नाही.

अपवाद एकच सांगतो, आणि तो पुरेसा आहे. बहिणाबाई चौधरी. संसाराची गोष्ट सांगताना त्यांना तवा आठवला आणि तव्याबरोबर हाताला बसणारा चटकाही आठवला. हा चटका कुठल्याही अलंकारशास्त्रातून सुचणारा नाही. त्यांची गाणी पुस्तकरूपानं १९५२ साली आली, त्यांच्या मृत्यूनंतर, आणि सगळा महाराष्ट्र चकित झाला. चकित होण्याचं कारण अगदी साधं असावं, असं मला आता हाताला दोन फोड आल्यावर वाटतं. बाकीचे कवी भाकरी खाणारे, कमावणारे किंवा तिच्यावाचून राहिलेले होते. या एकट्या ती करणाऱ्या होत्या. तिथे वाक्याला कर्ता मिळाला.

आता मूळ गोष्ट. हिच्या देखरेखीखाली दहा-बारा दिवस गेल्यावर मला चार भाकऱ्या बऱ्या जमू लागल्या. पण एक कोडं सुटेना. पहिली भाकरी रोज बिघडायची. तवा पुरता तापलेला नसतो, पाण्याचा अंदाज आलेला नसतो, हात बसलेला नसतो. दुसरीपासून गाडी रुळावर. मी हिला म्हणालो, "अगं, माझी पहिली रोज फसते. तुझी कशी कधी फसली नाही?"

"फसायची की. सगळ्यांचीच फसते. पहिली ती तव्याची."

"पण मला तर ताटात कधी दिसली नाही."

"दिसेल कशी? ती माझ्या ताटात असायची."

ती हे अगदी सहज म्हणाली. भाजी निवडताना म्हणावं तसं. मला मात्र हातातली भाकरी उलटायचं भान राहिलं नाही, आणि ती करपली. मी मनाशी हिशेब करीत होतो. रोज पाच भाकऱ्या धरल्या तर वर्षाच्या अठराशे पंचवीस. बेचाळीस वर्षांच्या शहात्तर हजार सहाशे पन्नास. त्यांतली रोजची पहिली, म्हणजे पंधरा हजारांवर फसलेल्या भाकऱ्या, माझ्यापर्यंत कधी आल्याच नाहीत. आणि उरल्या-सुरल्या पिठाची शेवटची चानकी? तीही हिचीच. मी समीक्षा केली ती निवडक वेच्यांची. संपादन आधीच झालेलं होतं, आणि संपादकाचं नाव पुस्तकावर कुठेच नव्हतं.

"आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगायचं काय त्यात? आमची आई मिलोच्या भाकऱ्या करायची. बहात्तरच्या दुष्काळात. मी तेव्हा बारा वर्षांची. ती अमेरिकेची लाल ज्वारी, तिला काही विरीच नव्हती. थापली की तुटायची, उचलली की तुटायची. तुटकी आधी आईच्या ताटात, मग माझ्या. मी त्याच पिठावर शिकले. मिलोची जमली, म्हटल्यावर मालदांडीची काय भीती?" आणि जरा थांबून म्हणाली, "तुटकी भाकरी वाईट नसते हो. चव तीच असते."

मी अनेक मोठ्या माणसांची वाङ्मयविषयक मतं वाचली आहेत. आकार आणि आशय यांच्याबद्दल इतकं स्वच्छ मत मला कुठे वाचल्याचं आठवत नाही.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं होतं. त्या वर्षी ज्वारी-बाजरीचे पुष्कळ सत्कार झाले. पौष्टिकतेवर लेख आले, हॉटेलांच्या पत्रिकेत भाकरीला मानाची जागा मिळाली. मला ते सगळं मान्य आहे. धान्याचा सत्कार झाला, शेतकऱ्याचाही थोडाफार झाला असेल. पण शेत ते ताट या वाटेवर एक परात आहे आणि परातीपुढे कुणीतरी बसलेलं आहे. सत्काराच्या भाषणात पुन्हा तेच क्रियापद होतं: रोजच्या आहारात भाकरी असावी. असावी!

माझी मुलगी बंगळुरूला असते. तिनं परवा फोनवर भाकरीची कृती लिहून पाठवायला सांगितली. मी लिहायला बसलो आणि सवयीनं पहिलं वाक्य लिहिलं, 'ताजे पीठ घ्यावे.' मग ते खोडलं. नवीन सुरुवात केली ती अशी: 'तुझ्या आईची आई तिच्या शेजारी बसून सांगायची, आई माझ्याशेजारी बसून सांगते आहे, आणि मी तुला लिहितो आहे. वाटीभर पीठ घे. पाणी उकळू दे. पहिली भाकरी फसेल. ती तूच खाऊ नकोस. घरात जो कोणी अभिप्राय देणारा असेल, त्याला वाढ.' कृती चार पानांची झाली. एखादा जुना संपादक असता तर पाल्हाळ म्हणून परत पाठवली असती.

प्लास्टर आता निघालं आहे, पण जोर द्यायला अजून परवानगी नाही, आणि ती मिळाली तरी संध्याकाळची परात माझ्याकडेच राहावी असं मी परस्पर ठरवून टाकलं आहे. पहिली भाकरी माझ्या ताटात पडते. दुसरी, फुगलेली, हिच्या. काल तिनं तिचा तुकडा मोडला, दिव्याखाली धरला, पापुद्रा नीट न्याहाळला. मी उलथनं हातात धरून उभा होतो.

"बरी आहे," ती म्हणाली. मग गालातल्या गालात हसून म्हणाली, "पण कालची काय सुरेख झाली होती!"

पुढची भाकरी तिच्या ताटात पडताना, मला वाटतं, जरा मोठा आवाज झाला असावा.